सात नंबरच्या खाटेवरची धुरपताबाई

माझी नात मराठी बोलते, अर्धं तेलुगू मिसळून का होईना. पण वाचायला दिलं की मुंग्यांच्या रांगेकडे बघावं तशी अक्षरांकडे बघते. तेव्हा मी हे जे लिहितेय ते ती काही वाचणार नाही. सुनेला वाचता येतं, पण तिला वेळ नाही. मला ते सोयीचंच आहे. दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या ताई घरी येऊन चहा पिऊन गेल्या, जाताना म्हणाल्या, "अक्का, इतकी वर्षं त्या निवाऱ्यात काढलीत, तिथल्या गमतीजमती लिहा की." गमती पुष्कळ आहेत. पण मी वही उघडली की दुसरं काही आठवायच्या आधी सात नंबरची खाट समोर येते. म्हटलं, आधी ती एकदा लिहून मोकळं व्हावं.

काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत बायकांचं एक निवारा-घर होतं, तिथं मी देखरेखीला होते. खाली चपलांचं गोडाऊन, वर एक लांबलचक हॉल, वीस खाटा, दोन न्हाणीघरं आणि माझं टेबल. शिक्षण म्हणाल तर सातवी. तेलुगू बाजारात शिकले, उर्दू शेजारणीकडून, आणि हे काम कुणीच शिकवलं नाही. ते करता करता येतं.

लोकांना वाटतं, निवारा म्हणजे खाट दिली की झालं. तसं नाही हो. फोन येतो पोलिसांचा, दवाखान्यातून, स्टेशनवरच्या हमालाचा सुद्धा. बाई दारात येते. तिला पहिला प्रश्न नावाचा विचारायचा नाही. पहिला प्रश्न, जेवलीस का. उपाशी माणूस खोटं नाव सांगतं, नाहीतर सांगतच नाही. पोटात चार घास गेले की मग नाव, गाव, कुणी आहे का, दुखतंय काय. आणि जेवण काही आमच्याकडे शिजत नव्हतं. सकाळी अकराच्या आत निवारा चालवणाऱ्या संस्थेच्या स्वयंपाकघराला फोन करून ताटं किती ते सांगायचं, मग व्हॅन यायची. भात, पप्पू म्हणजे आपली डाळ, एखादी भाजी. व्हॅन चुकली तर शहरात कुठं कुठल्या वारी काय मिळतं ते माझ्या डोक्यात पाठ होतं. कुठल्या गुरुद्वाऱ्यात लंगर, कुठल्या देवळात दुपारचं जेवण, कुठल्या दर्ग्यावर गुरुवारी काय. लग्नसराईत मी फंक्शन हॉलच्या मॅनेजरांना फोन लावायची. त्यातले निम्मे मला ओळखायचे. एक तर म्हणायचा, "अक्का, तुमचा फोन आला की आम्हाला कळतं मुहूर्त चांगला आहे." पन्नास माणसांची बिर्याणी वीस बायकांना पुरून उरायची. त्यातही एक म्हातारी होती, ती फुकटच्या बिर्याणीत मीठ कमी म्हणून माझ्याशी भांडायची. मला ती आवडायची. जी भांडते ती जगते.

तर हे सगळं दिसायला बरं चाललं होतं. मग नियम आला. कुठंतरी खोट्या नावांनी खाटा भरल्या जातात अशी तक्रार झाली होती म्हणे, म्हणून आमच्या संस्थेच्या ऑफिसनं ठरवलं की खाटेमागे बाईचं एक सरकारी ओळखीचं कार्ड पाहिजे. कार्डाची झेरॉक्स फायलीत, नाव रजिस्टरात. कार्ड नसेल तर तीन दिवस, चौथ्या दिवशी खाट रिकामी. आता तुम्हीच सांगा, घरातून नेसत्या लुगड्यानिशी निघालेली बाई कार्ड घेऊन निघते का. नियम खोट्या नावांसाठी आला आणि मी आयुष्यातलं पहिलं खोटं नाव त्या नियमामुळंच लिहिलं.

धुरपताबाईला रेल्वेच्या पोलिसांनी आणून सोडलं होतं. नांदेडकडून येणाऱ्या गाडीतून उतरली आणि बाकावर दोन दिवस बसून राहिली. देगलूरकडची, आमच्यातलीच, सोनकांबळे. साठीच्या पुढची. हातात कापडी पिशवी, त्यात कार्ड, एक लुगडं आणि झाकणाचा स्टीलचा पेला. "भाऊ राहतोय नल्लकुंट्याला, त्याच्याकडं आले," म्हणायची. भावाचा पत्ता विचारला तर "त्यो येतोच की न्यायला." थोडी विसराळू होती. सकाळी जेवलेलं विसरायची, पण चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं काल घडल्यासारखं. मला माहेरी आई बोलायची ती भाषा ऐकायला मिळायची, म्हणून दुपारी मी तिच्याजवळ बसायची.

निवाऱ्यातली दुपार तुम्ही बघितलेली नाही. बाया कामाला, भीक मागायला, दवाखान्यात गेलेल्या. वीस खाटा, वीस घड्या घातलेल्या चादरी, आणि पंखे बंद, कारण माणूस नसताना पंखा लावायचा नाही. खालून गोडाऊनमधल्या रबराचा वास. अशा वेळी ती एकटी सात नंबरवर बसून घराचं सांगायची. दाराम्होरं लिंब, लिंबापुढं आड. दारातून बाहेर पाऊल टाकलं की पहिल्यांदा आडच दिसायचा. तिची धाकटी जाऊ त्यातच गेली. "तवापासून मी उघडं पाणी ठेवत न्हाई," म्हणायची, "उघड्या पाण्यात आडातलं माणूस तोंड बघतंय." पेला उशाशी, त्यावर झाकण, झाकणावर हात. झोपेत सुद्धा हात तिथंच.

मी म्हणायची, "धुरपताबाई, घाबरवू नका मला, इथं मीच एकटी असते."

"तू कशाला भ्यायलीस? तुझ्याकडं नळ हाय."

आठ-नऊ महिने राहिली. एका सकाळी मी दारात व्हॅनवाल्याकडून भाताचं पातेलं उतरवून घेत होते. ती पायऱ्या उतरून आली, लुगडं नीट नेसलेलं, म्हणाली, "भाऊ आलाय. बाहेर उभा हाय." मी मान वळवून बघितलं. फाटकापाशी खरंच एक माणूस होता, पाठमोरा, पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल. म्हटलं, चला, बाईचं भलं झालं. "पिशवी?" मी म्हणाले. "येते की मागनं," म्हणाली आणि गेली. पातेलं जड होतं. मी दुसऱ्यांदा वळून बघितलं नाही.

पिशवी राहिली, पेला राहिला, कार्ड माझ्या लोखंडी पेटीत राहिलं. सांभाळून ठेवलं होतं मी, हरवू नये म्हणून. म्हटलं, येईल न्यायला. चार दिवस झाले, आठ झाले. आणि नवव्या दिवशी दवाखान्यातून यल्लम्मा आली, ऑपरेशन झालेली, टाके ओले, कार्ड नाही. तीन दिवसांनी तिला कुठं पाठवू? रजिस्टरात सात नंबरला धुरपताबाईचं नाव चालूच होतं. मी ते खोडलं नाही. एवढंच केलं मी. खोडलं नाही.

महिन्यातून एकदा ऑफिसचे साहेब यायचे, खाटेखाटेपाशी थांबून नाव-गाव विचारायचे. भला माणूस, पण त्याला मराठी येत नव्हतं, आणि झेरॉक्समधला फोटो तर सगळ्यांचाच काळा डाग असतो. म्हणून मी यल्लम्माला धडा शिकवला. नाव धुरपताबाई, गाव देगलूरकडचं, मालक वारले, एक मुलगा प्रकाश. साहेब खोलात शिरले तर खरं वाटावं म्हणून घराचंही घातलं, दारात लिंब, मागं आड. समोर आड हे माझ्या मनाला पटलं नव्हतं. मी शहरात वाढलेली, मला वाटलं आड असला तर परसातच असणार. यल्लम्मानं घोकून घोकून पाठ केलं. साहेबांसमोर असं म्हणून दाखवलं की मलाच क्षणभर वाटलं, हीच ती.

यल्लम्मा बरी होऊन गेली तेव्हा परभणीकडची सुमन आली. कार्ड नवऱ्याच्या ताब्यात. धडा मला शिकवावाच लागला नाही, यल्लम्मानं जाण्याआधीच तिला देऊन ठेवला होता. सुमननंतर मेहरुन बी. याकूतपुऱ्याची, भावजयीनं घराबाहेर काढलेली, पन्नाशीची, बोलायला फटकळ. तिला सुमननं शिकवलं. अशी ती धुरपताबाई माझ्या पेटीतल्या एका कार्डावर अडीच वर्षं सात नंबरला नांदली. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू. तीन बायका रस्त्यावर जायच्या वाचल्या.

एकच गोष्ट मला मधूनमधून खटकायची. तिघी पेला झाकून ठेवायच्या. यल्लम्माचं समजू शकते, पेला तिथंच फळीवर पडला होता, तिनं घेतला. पण झाकणावर हात ठेवून झोपायचं? ते मी कुणाला शिकवलं नव्हतं. धड्यात ते नव्हतंच. एका दुपारी मेहरुन बी माझ्या टेबलापाशी येऊन बसली. कामावरून लवकर आली होती, तोंड उतरलेलं.

"अक्का, ये आड बोले तो क्या?"

"विहीर. बावली."

"हौ, बावलीच होना. मेरे ख्वाब में आतीच." मग आवाज उतरवून म्हणाली, "घर के सामने रहती. तुम तो पीछे बोले थे."

मी म्हटलं, पप्पू जास्त खाल्ला असशील. ती हसली नाही. मीही नाही.

मग प्रकाश आला.

तेही दुपारीच. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, खांद्याला एक बॅग, हातात खजुराचं खोकं आणि एक नवं ब्लँकेट प्लॅस्टिकमध्ये. मस्कतला ट्रक चालवायचा. पायऱ्या चढून वर आला आणि शुद्ध आमच्याकडची भाषा, "अक्का तुम्हीच का? मी धुरपताबाईचा मुलगा. तिला न्यायला आलोय."

मी उठून उभी राहिले तेवढीच. तोंडातून शब्द फुटायच्या आत आमच्या यादम्मानं, ती झाडलोट करायची आणि मी नसले की फोनही उचलायची, तिनं सवयीनं आत हाक मारली, "ओ धुरपताबाई, नी कोसम वच्चारु." तुझ्यासाठी कुणीतरी आलंय.

आतून मेहरुन बी आली. हात पुसत. "क्या जी," म्हणाली. मग त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि साहेबच बदलून आलेत असं समजून सुरू झाली, "माजं नाव धुरपताबाई. गाव देगलूरकडं. मालक वारले. एक लेक परकाश..."

तो तिचं तोंड बघत राहिला. हातातलं खोकं खाली ठेवलं नाही, पडूही दिलं नाही. मी मेहरुनला म्हटलं, "बस कर." ती थांबली.

त्याला खुर्चीवर बसवलं. पहिला प्रश्न तोच विचारला मी, जेवलास का बाबा. "नाही," म्हणाला. पण ताट पुढं केलं तर हात लावला नाही. मग मी सगळं सांगितलं. कार्ड, नियम, यल्लम्मा, धडा. काही लपवलं नाही. तो ऐकत होता आणि मधेच म्हणाला, "पण मी बोललो की तिच्याशी."

"कुणाशी?"

"आईशी. फोनवर. गावातल्या दुकानदाराकडं तिनं तुमच्या इथनं एकदा फोन केला होता, त्यानं मला नंबर दिला. तीन वेळा बोललो मी. बाई उचलायची, हाक मारायची, आई यायची फोनवर. मी विचारलं, आई, आवाज बदलला तुझा. म्हणली, सर्दी झालीय. मी विचारलं, आडाला पाणी हाय का गं, तसंच, काय बोलावं म्हणून. म्हणली, भरलाय बाबा आड." त्यानं खजुराचं खोकं खाली ठेवलं. "म्हणून मी आलो नाही, अक्का. सुट्टी मिळत होती मागच्या साली. म्हटलं, आई खाऊनपिऊन सुखात हाय, करार पुरा करून जाऊ."

यादम्मा भिंतीला टेकून खाली बसली. फोन तिनंच दिला होता, त्या नावानं हाक मारून, आणि साहेबांचाच काहीतरी तपास असेल म्हणून मराठी येणारी सुमन घाबरून बोलली असणार. मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं कुणाला काही वाटलंच नव्हतं.

मी म्हटलं, "पण ती तिच्या भावाबरोबर गेली रे. नल्लकुंट्याच्या. मी बघितलंय त्याला फाटकात."

प्रकाशनं मान वर केली. "मामा मी तिसरीत असताना वारले."

पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल, पाठमोरा. तो कोण होता ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. रस्त्यावर माणसं उभी असतातच. असेल कुणीतरी.

तो पोलिसांत जातो म्हणाला. मी म्हटलं, जा, मी बरोबर येते, माझं जे व्हायचं ते होऊ दे. गेलो. हरवल्याची तक्रार लिहून घेतली, फोटो घेतला, म्हणाले शोधू. परत येताना रिक्षात तो म्हणाला, "अक्का, नवा करार व्हायच्या आधी पंधरा दिवस काढून आलोय मी. शहरातल्या सगळ्या निवाऱ्यांना फोन केले होते इथं यायच्या आधी, खात्री म्हणून. सगळे नाही म्हणाले. फक्त तुमच्याकडं हाय म्हणाले."

आणि तिथं, बरकतपुऱ्याच्या सिग्नलला, माझ्या डोक्यात उजेड पडला. तिचं कार्ड माझ्या पेटीत. म्हणजे ती जिथं गेली असेल तिथं तिच्याकडे कागद नव्हता. कागद नसलेल्या बाईला माझ्यासारखीच कुणीतरी भली बाई भेटली असेल, तर तिनं काय केलं असेल? मी केलं तेच. तिला दुसऱ्या कुणाचं तरी नाव दिलं असेल. जगभर धुरपताबाई म्हणून हाका मारल्या तरी ती सापडणार नव्हती. माझ्या सांभाळण्यानंच तिला पुसून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी फोन धरून बसले. नाव विचारलंच नाही कुणाला. ओळखीच्या सगळ्या निवाऱ्यांना, वृद्धाश्रमांना, लंगर वाढणाऱ्यांना सुद्धा एकच विचारलं. तुमच्याकडे पाण्याचा पेला झाकून, झाकणावर हात ठेवून झोपणारी कुणी म्हातारी आहे का? हसले लोक. एक जण म्हणाला, "अक्का, आता रिटायर व्हा." प्रकाश समोर बसून असायचा. मेहरुन बी कामावर गेलीच नाही, त्याच्यासाठी चहा करत राहिली. तो पहिल्या दिवशी तिच्या हातचा प्याला नाही. दुसऱ्या दिवशी प्याला.

तिसऱ्या दुपारी कुकटपल्लीहून फोन आला. तिथं कारखान्यांच्या बाजूला एक आधारगृह आहे, तिथली सरोजा. आवाज बारीक केला होता तिनं. "अक्का, तशी एक आहे. नरसम्मा. पण ती तुमची नसणार. ती जनगामकडची आहे." मग जरा थांबून, "कागदावर."

आम्ही तिघं गेलो. मी, प्रकाश आणि मेहरुन बी. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं, तीच बुरखा चढवून रिक्षात बसली. दारात सरोजा उभी होती. माझ्याच वयाची, कमरेला किल्ल्या. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. दोघी एकाच शाळेतून आल्यासारख्या.

इथला हॉलही तसाच, खाटाही तशाच. शेवटच्या खाटेवर ती बसली होती. वाळली होती, केस कापलेले, पण तीच. उशाशी प्लॅस्टिकचा ग्लास, त्यावर बशी, बशीवर हात.

प्रकाश जवळ गेला, खाली बसला. "आई."

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग पाठ ताठ केली, नजर त्याच्या डोक्यावरून भिंतीकडे, आणि एका सुरात म्हणाली, "ना पेरु नरसम्मा. मादि जनगाम दग्गर पल्ले. मा आयना पोयारु. ओक्कते कूतुरु." माझं नाव नरसम्मा, गाव जनगामजवळ, मालक वारले, एकच मुलगी.

"आई, मी पका. पका हाय मी."

"ना पेरु नरसम्मा. मादि जनगाम दग्गर..." तोच सूर, तेच शब्द, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. तो बोलत गेला, गावाचं, शाळेचं, मस्कतचं, आणि दर वेळी तो थांबला की ती पहिल्यापासून सुरू करायची. बोलणारं तोंड तिचं होतं, पण आत कुणी दुसरीच बसलेली. सरोजा पदर तोंडाला लावून उभी होती. आम्ही शिकवलेले धडे किती पक्के बसतात ते त्या दिवशी दोघींनी बघितलं. प्रकाशनं तोंड फिरवलं. त्याच्या हातातलं ब्लँकेट अजून प्लॅस्टिकमध्येच होतं. म्हणाला, "चला अक्का. गेली ती."

तेव्हा मेहरुन बी पुढं झाली. नकाब वर केला, खाटेवर तिच्या शेजारी टेकली, आणि भिंतीकडे बघत, त्याच सुरात, तिनं तिचा धडा म्हणायला सुरुवात केली.

"माजं नाव धुरपताबाई. गाव देगलूरकडं. मालक वारले. एक लेक परकाश. दारात लिंब. मागं आड."

म्हातारीचा हात बशीवर हलला.

मेहरुननं पुन्हा म्हटलं. "दारात लिंब. मागं आड."

"मागं न्हाई," ती म्हणाली. मराठीत. चिडून. "मागं गोठा हाय. आड म्होरं."

"म्होरं," मेहरुन म्हणाली. "एक लेक परकाश."

"परकाश शाळंत. घरी पका." आणि मग तिची नजर भिंतीवरून खाली आली. प्रकाश तिथंच होता, गुडघ्यांवर. तिनं त्याच्या कानाला हात लावला, कानामागं काहीतरी चाचपलं. लहानपणीची खोक होती तिथं, त्यानं नंतर सांगितलं. बराच वेळ बोटं तिथंच ठेवून बसली. मग मेहरुनकडे वळून म्हणाली, "आन् तू कोण?"

मेहरुननं तोंड उघडलं आणि तिला उत्तर येईना. वर्षभर ज्या नावानं जेवली, निजली, ते नाव आता शेजारी बसलं होतं. ती माझ्याकडे बघू लागली. शेवटी अंधारात पायरी चाचपावी तसं तिनं सांगितलं, "मेहरुन्निसा."

"पाणी पी," धुरपताबाई म्हणाली आणि बशी काढून ग्लास तिच्या हातात दिला.

प्रकाश आईला गावी घेऊन गेला. परत मस्कतला गेला नाही, देगलूरला टेम्पो चालवतो. वर्षभर तिनं त्याला कधी ओळखलं, कधी नरसम्माचा धडा म्हणून दाखवला. मग वारली. तो मला रागावून कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. दिवाळीला फोन करतो, मेहरुन बीलाही करतो.

मी त्या दिवशी निवाऱ्यात परत आले, रजिस्टर उघडलं आणि सात नंबरपुढं लिहिलं, मेहरुन्निसा बी, याकूतपुरा, कागद नाही. आणि ऑफिसला स्वतःच्या हातानं सगळं लिहून पाठवलं. मला घरी बसवलं त्यांनी, ते बरोबरच होतं. मेहरुनला मात्र काढलं नाही. साहेबांनी खटपट करून तिचं कार्ड काढवलं. पहिल्यांदा हातात आलं तेव्हा, यादम्मा सांगत होती, ती फोटोकडे बघून म्हणाली, "ये मैंच हूँ ना?"

आता मी नल्लकुंट्याला मुलाकडे असते. चांगलं चाललंय. परवा सून रात्रीचं आवरताना माझ्या खोलीत आली, म्हणाली, "आई, पेल्यावर झाकण रोज कशाला हो ठेवता? फिल्टरचंच पाणी आहे की."

मी म्हटलं, "उघड्या पाण्यात आडातलं माणूस तोंड बघतं. आमच्या दारासमोरच आड होता ना."

ती बरं म्हणून गेली. मी झाकणावरचा हात काढून घेतला आणि बसून राहिले. माझं माहेर बरकतपुऱ्यात. दारासमोर रस्ता होता, आणि पाणी नळाचं.